कॅन्सर विभागाला मोठी देणगी मिळालीय? मग या चुका टाळा

मोठ्या देणगीची बातमी फुटली की पहिल्याच मीटिंगला मशीनवाल्या कंपनीचा माणूस ब्रोशर घेऊन हजर असतो, आणि मग बाकी सगळं मागं पडतं. सोलापुरात कॅन्सरची सोय वाढायलाच पाहिजे यात वादच नाही, आपल्याकडं नुसता जिल्हा नाही तर धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंटसुद्धा येतात. पण पैसे लावायच्या आधी एकच प्रश्न विचारा, आपला पेशंट ट्रीटमेंट अर्धवट कुठं सोडतो? जिथं सोडतो तिथं आधी पैसे घाला.

चूक १: सगळी रक्कम मशीनमध्ये घालणं

लिनॅक म्हणजे रेडिएशनचं मशीन, किंमत कोटींत. पण मशीन घेतलं म्हणजे झालं असं नसतं. त्याला बंकर, म्हणजे किरण बाहेर जाऊ न देणारी जाड भिंतींची खोली लागते, किरण थेट पडतात त्या भिंतीचं काँक्रीट दोन मीटरच्या आसपास जाड लागतं, आणि बांधकामाच्या आधीच एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळ) नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट (रेडिएशनचा कॅन्सर डॉक्टर), मेडिकल फिजिसिस्ट (डोसचं गणित बघणारा), टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नसेल तर पेशंटवर मशीन चालवायची परवानगीच मिळत नाही. वर चिलर (मशीन थंड ठेवणारं यंत्र), एसी, जनरेटर. वॉरंटी संपली की दरवर्षी मेंटेनन्स काँट्रॅक्ट, आणि तो आकडा बघून भलेभले ट्रस्टी गप्प होतात. रेडिएशनचंच कोबाल्टवर चालणारं मशीन स्वस्त पडतं हे खरंय, पण त्यातल्या कोबाल्ट-60 या किरण देणाऱ्या सोर्सची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे तेवढ्याच डोससाठी पेशंटला टेबलावर दुप्पट वेळ झोपावं लागतं आणि रांग वाढते, त्यामुळं सोर्स बदलायचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला पाहिजेत.

मशीन आधीच घेऊन झालंय आणि बंद पडून आहे? मग देणगीदाराला नवीन मशीन मागू नका, पाच वर्षांचा मेंटेनन्स आणि फिजिसिस्टचा पगार मागा. पाटीवर नाव लागत नाही म्हणून लोक याला तयार होत नाहीत असं म्हणतात, पण नीट हिशोब मांडून समजावलं तर बरेच जण ऐकतात असं माझं मत आहे. मुंबईचं टाटा हॉस्पिटलच बघा, 1941 ला टाटांच्या ट्रस्टनं उभं केलं, पण 1957 ला ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडं आणि 1962 ला अणुऊर्जा खात्याकडं गेलं, म्हणजे रोजच्या खर्चाला कायमचा आधार मिळाला.

चूक २: योजनेत बसतंय त्यावरच देणगी उडवणं

महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, कॅन्सरची बरीच ऑपरेशनं, किमो, रेडिएशन त्यात बसतं. तेच बिल देणगीतून भरलं तर पैसे वाया. योजनेबाहेर काय राहतं ते बघा. रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज यायचं, तेही पाच-सहा आठवडे. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांवर मजुरी मिळते, ती इथं रांगेत बसली की तिकडं त्या दिवसाचे पैसे गेले, सोबत आलेल्या मुलाचाही खाडा. अक्कलकोटच्या पुढून येणाऱ्यांचं तर एसटीचं भाडंच परवडत नाही. तोंडाच्या कॅन्सरवाल्याला चौथ्या आठवड्यापर्यंत तोंडात फोड येतात, गिळता येत नाही, वजन उतरतं आणि घरचे म्हणतात बास आता, घेऊन जाऊ. नेमका तिथं पेशंट सुटतो, आणि मधेच थांबलेल्या रेडिएशनचा फायदा बराच कमी होतो.

म्हणून दवाखान्याजवळ साध्या खोल्या घ्या, दोन वेळचं जेवण, गिळता येत नसेल त्याला नळीतून द्यायचं पातळ फीड आणि ते कसं द्यायचं हे शिकवणारी डाएटिशियन. एक कोऑर्डिनेटर ठेवा, जी गैरहजर पेशंटला त्याच दिवशी फोन करेल, आणि तिला कन्नड, तेलुगू येत असेल तर सोन्याहून पिवळं. या सगळ्याला मशीनच्या तुलनेत किरकोळ पैसे लागतात.

चूक ३: शिबिर घेऊन मोकळं होणं

मंडप, फोटो, शंभर बायकांची तपासणी, आणि ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्यांचं पुढं काय, कुणालाच माहीत नाही. आपल्याच बार्शीत ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सर पेशंटची नोंदवही, 1987 ला सुरू झाली, आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाच्या वर बायकांवर झालेल्या अभ्यासात 2009 ला दिसलं की एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. पण तिथं पॉझिटिव्ह बाईची पुढची तपासणी आणि उपचारसुद्धा केले होते, नुसती टेस्ट नव्हती. तेव्हा शिबिराच्या बजेटमध्ये त्या बायकांना दवाखान्यापर्यंत आणायची गाडी आणि उपचार आधी धरा, मगच तारीख जाहीर करा.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

बायोप्सीचा रिपोर्ट तीन-तीन आठवडे येत नाही ही तक्रार असेल तर आधी पॅथॉलॉजीकडं बघा, टिश्यू प्रोसेसर (बायोप्सीचा तुकडा तपासणीसाठी तयार करणारं मशीन) आणि एक चांगला लॅब टेक्निशियन एवढ्यानंही फरक पडतो. किमो कालवायची जागा साधी नर्सिंग रूम असेल तर बायोसेफ्टी कॅबिनेट (औषधाची वाफ-कण बाहेर न येऊ देणारं कपाट) आधी घ्या, नाहीतर रोज त्या औषधाचा त्रास सिस्टर लोकांना.

कागदाचं म्हणाल तर देणगी कॉर्पसची (कायम ठेवायची मूळ रक्कम) आहे की खर्चायची, हे दात्याकडून लेखी घ्याच. ट्रस्टला साधारण 85 टक्के उत्पन्न त्याच वर्षी खर्च करावं लागतं, कॉर्पसचं गणित वेगळं, सीएला आधी बसवा. परदेशातून पैसे येणार असतील तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

आणि बरं न होणाऱ्या पेशंटला विसरू नका. दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवणं सोपं झालंय, तरी ती मिळत नाही म्हणून माणसं रात्र-रात्र कळवळतात. मान्यतेचा अर्ज करा, ट्रेनिंग घेतलेला एक डॉक्टर आणि दोन सिस्टर नेमा, घरी जाऊन बघायला एक गाडी द्या. हे काम बंकर बांधून व्हायची वाट न बघता पुढच्या महिन्यापासून हातात घेता येतं.