'हॅज गॉन' की 'हॅज बीन'? प्रेझेंट परफेक्टमध्ये 'गो' वापरताना या चुका टाळा

"बाबा परभणीला गेलेत" म्हटलं की बाबा घरी नाहीत. "परभणीला जाऊन आलेत" म्हटलं की ते परतलेत. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'हॅज गॉन' लिहिलं जातं, आणि अर्थ तिथेच फिरतो. 'फादर हॅज गॉन टू परभणी' म्हणजे ते अजून तिकडेच आहेत किंवा वाटेत आहेत. परत आले असतील तर 'फादर हॅज बीन टू परभणी'.

चुकीचं मूळ आपल्या बोलण्यातच आहे. "तू कधी वेरूळला गेलायस का?" असं आपण समोर बसलेल्यालाच विचारतो. इथे 'गेलायस'चा अर्थ 'जाऊन आलायस' असा असतो. त्यामुळे 'हॅव यू एव्हर गॉन टू एलोरा?' असं शब्दाला शब्द लावू नका, 'हॅव यू एव्हर बीन टू एलोरा?' म्हणा. 'गेला' या शब्दाकडे बघण्यापेक्षा माणूस आत्ता कुठे आहे ते बघा, म्हणजे चूक होत नाही. 'आय हॅव गॉन टू द बँक' हे दाराला लावलेल्या चिठ्ठीत शोभतं, समोरासमोर बोलताना नाही.

'बीन'पुढच्या शब्दाकडेही लक्ष हवं. भेट देऊन आलात तर 'बीन टू लातूर', तिथेच मुक्काम असेल तर 'बीन इन लातूर'. 'देअर'च्या आधी 'टू' येतच नाही: 'आय हॅव बीन देअर'.

'ही हॅज वेन्ट' हे तर कुठेच चालत नाही. 'हॅव', 'हॅज'नंतर क्रियापदाचं तिसरं रूपच येतं, आणि 'वेन्ट' दुसरं आहे.

काल, गेल्या सोमवारी, २०१६ मध्ये अशी संपलेली वेळ वाक्यात आली की प्रेझेंट परफेक्ट सोडून द्या. "मी काल नांदेडला गेलेलो आहे" असं आपण सहज बोलतो, पण इंग्रजीत 'आय वेन्ट टू नांदेड येस्टरडे' एवढंच. मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ते साल सांगायचं असेल, तर 'द वॉटर ट्रेन केम टू लातूर इन २०१६'. इथे 'हॅज कम' लिहिलं की गुण गेले.

राहिलं 'पासून'. "तीन वर्षांपासून" आणि "२०२१ पासून" यांना मराठीत एकच प्रत्यय पुरतो, म्हणून 'सिन्स थ्री इयर्स' लिहिलं जातं. किती काळ ते सांगताना 'फॉर थ्री इयर्स', कधी सुरू झालं ते सांगताना 'सिन्स २०२१'. आणि अशा वाक्यात 'आय ॲम लिव्हिंग' नको, 'आय हॅव लिव्हड इन बीड फॉर थ्री इयर्स' हवं.