शून्य सावलीचा दीड मिनिटाचा ॲनिमेशनपट कसा करावा

पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस असा एक दिवस येतो, की भर दुपारी गच्चीवर उभ्या केलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखालीच लपते. हे का घडते ते तोंडी सांगू लागले की अक्ष, अक्षांश, कक्षा अशा शब्दांची गर्दी होते. छोट्या ॲनिमेशनपटात मात्र तीच गोष्ट डोळ्यांना दिसते, आणि असा पट घरच्या साधनांनी करता येतो.

प्रथम एकच प्रश्न एका वाक्यात लिहावा: पुण्यात सूर्य बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदाच का येतो? ऋतू आणि ग्रहणे हे निराळ्या पटांचे विषय आहेत. मग उत्तरात नेमके काय हलते ते शोधावे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे, ज्या अक्षांशावर दुपारी सूर्य माथ्यावर येतो तो अक्षांश डिसेंबरपासून जूनपर्यंत मकरवृत्तावरून कर्कवृत्ताकडे सरकतो आणि नंतर परत फिरतो. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तरेस असल्याने ते या वाटेवर जाताना एकदा आणि येताना एकदा लागते. हे सरकणे दाखवणे हेच पटाचे काम. ज्या विषयात काहीच हलत नाही, त्याला एक नेटके चित्र पुरते.

यानंतर निवेदन लिहावे. दीड मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द पुष्कळ झाले. ते पंखा बंद करून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि चित्रे त्या आवाजाच्या मापाने बेतावीत. आठ-दहा चौकटींचा कच्चा स्टोरीबोर्ड (म्हणजे प्रसंगांची क्रमाने काढलेली रेखाटने) काढून, त्याचे फोटो आवाजाला जोडून पाहावेत. चुका याच टप्प्यावर सापडलेल्या बऱ्या, कारण सेकंदाला १२ चित्रे धरली तरी ९० सेकंदांची १०८० चित्रे होतात.

कार्डशीटचे तुकडे टेबलावर किंचित किंचित सरकवून वरून फोटो घेत जाणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. खिडक्या झाकून एकच दिवा लावावा, नाहीतर बाहेरचा उजेड बदलला की चित्र लुकलुकते. संगणकावर काम करायचे असेल, तर ब्लेंडर आणि क्रिता ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात.

प्रमाणाबाबत मात्र फार जपावे. माझ्या पहिल्या पटात मी पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढली आणि तो पाहून शेजारच्या मुलीने निष्कर्ष काढला, की पृथ्वी सूर्याजवळ गेल्याने उन्हाळा होतो. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, जेव्हा पुण्यात स्वेटर बाहेर निघालेले असतात. कक्षा जवळजवळ वर्तुळाकारच काढावी. पृथ्वी एक सेंटिमीटरचा मणी मानली, तर सूर्य मीटरभराहून मोठा आणि सुमारे ११७ मीटर दूर ठेवावा लागेल. ते पडद्यावर अशक्य असल्याने ‘चित्र प्रमाणात नाही’ असे निवेदनातच सांगून टाकावे.

पट तयार झाल्यावर विषय ठाऊक नसलेल्या मुलाला तो दाखवावा, आणि मध्ये न बोलता, त्याच्या हाती चेंडू व टॉर्च देऊन त्यालाच समजावून सांगायला लावावे. तो जिथे अडखळेल, तेवढा भाग पुन्हा करावा. मेमध्ये त्याला गच्चीवर न्यायचे असेल, तर घड्याळात बारा वाजता जाऊन उपयोग नाही: भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे सावली नाहीशी होते ती साडेबाराच्या सुमारास.