हायड्रोपोनिक्स परत सुरू करताय? माळ्यावरचं सगळं सामान एकदम जोडू नका

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवणं. सहा वर्षांनी मी माळ्यावरून पाइप, नेट पॉट (जाळीच्या छोट्या कुंड्या), पंप सगळं खाली काढलं, तेव्हा डोक्यात एकच होतं की रविवारी सगळं जोडायचं आणि पाइपच्या चाळीसच्या चाळीस भोकांत लेट्यूस लावून मोकळं व्हायचं. तसं करू नका. मध्ये इतकी वर्षं गेली की पाणी बदललेलं असतं, मीटर बिघडलेलं असतं, बी म्हातारं झालेलं असतं, आणि यातली एक जरी गोष्ट चुकली तरी चाळीस रोपं एकदम बसतात आणि त्यांच्याबरोबर आपला उत्साह पण बसतो. पहिलं पीक एका बादलीत घ्या. दीड-दोन महिने लागतात, पण तेवढ्यात आपलं काय काय बिनसलंय ते सगळं कळतं.

सगळ्यात आधी मीटर. पीएच पेनचा, म्हणजे पाणी किती आंबट ते मोजणाऱ्या पेनचा, प्रोब (पाण्यात बुडवायचं टोक) वर्षानुवर्षं कोरडा पडला असेल तर तो गेला असंच धरून चाला. माझा पेन चालू व्हायचा, आकडा पण छान दाखवायचा, ६.१, म्हणजे अगदी हवा तोच, आणि मी खूश. मग सहज लिंबाच्या पाण्यात बुडवला तरी ६.१! तेव्हा कळलं. प्रोब रात्रभर स्टोरेज सोल्युशनमध्ये भिजवून बघा (डिस्टिल्ड वॉटरमध्ये नको, त्याने अजून बिघडतो) आणि मग पीएच ४ च्या आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठरलेल्या द्रावणात) तपासा, दोन्हीकडे बरोबर आला तर ठेवा, नाहीतर नवीन घ्या किंवा सरळ थेंब टाकून रंग बघायची किट घ्या, एका बादलीला ती भरपूर झाली. ईसी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून त्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारं, त्यामानाने टिकतं, टोकं पुसून १४१३ च्या (ईसी आधीच ठरलेल्या) सोल्युशनमध्ये तपासलं की झालं. अजून एक, जुन्या वहीत पीपीएममध्ये आकडे लिहून ठेवले असतील तर जपून, कारण काही पेन ५०० च्या स्केलवर असतात आणि काही ७०० च्या, म्हणजे ईसीला तेवढ्याने गुणून पीपीएम दाखवतात. माझ्या वहीत "लेट्यूस ७००" एवढंच लिहिलंय, आता ते एका पेनवर ईसी १.४ होतं आणि दुसऱ्यावर १. म्हणून आता फक्त ईसीच लिहायचा.

आता पाणी, आणि इथे घाई करू नका कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मी पूर्वी राहायचो तिथे कॉर्पोरेशनचं पाणी होतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) शंभरच्या आत. आता राहतो त्या सोसायटीत बोअर आणि टँकर, सहाशेच्या वर. असल्या जड पाण्यात बायकार्बोनेट खूप असतं, ते पीएच परत वर ओढतं, संध्याकाळी पीएच ६ वर आणून ठेवा, दोन दिवसांनी परत साडेसातला गेलेला दिसेल, आणि पीएच वर गेला की लोह असूनही रोपाला मिळत नाही, नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. उपाय म्हणजे आरओचं पाणी अर्धं-अर्धं मिसळा, किंवा पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवा. आरओच्या बाहेर जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र अजिबात नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. आणि सोसायटीत सॉफ्टनर प्लँट असेल तर तेही पाणी नको! सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, आपल्याला वाटतं पाणी चांगलं झालं आणि पानांच्या कडा जळायला लागतात. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मिळतंय का ते प्लंबरला विचारा.

खतं. कॅल्शियम नायट्रेटची पिशवी उघडी राहिली असेल तर ते हवेतलं पाणी ओढून गोळा झालेलं असतं, वापरता येतं पण वजनाचा काही भरवसा राहत नाही, एक किलो नवीनच आणा. दुकानदार १९:१९:१९ हे मिश्रखत देईल, "हे पण विरघळतं" म्हणेल, पण त्यात कॅल्शियम नाही आणि बराचसा नायट्रोजन युरियाचा असतो, मातीत ठीक आहे, नुसत्या पाण्यात नाही चालत. ए आणि बी असं दोन डब्यांचं खत (कॅल्शियम एकाच डब्यात वेगळं ठेवलेलं) घ्या, आधी ए पाण्यात टाकून नीट ढवळा आणि मगच बी. दोन्ही घट्ट सोल्युशनं एकत्र ओतली तर डोळ्यांदेखत ताकासारखं पांढरं होतं आणि तळाशी साका बसतो, तो साका म्हणजे आपलंच कॅल्शियम, रोपाला आता ते मिळणार नाही.

जुनं बी फेकायच्या आधी दहा दाणे ओल्या टिश्यूवर स्टीलच्या डब्यात ठेवा, पाच दिवसांनी मोजा, सहाच्या खाली आले तर नवीन पाकीट. लेट्यूसचं बी तिशीच्या वर तापमान गेलं की उगवतच नाही, झोपून राहतं, त्यामुळे डबा पहिले दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पेरताना खोल दाबू नका, त्याला उजेड लागतो.

बादली दहा लिटरची, झाकणाला दोन इंची दोन भोकं, रोपंही दोनच. पंप नाही, पाण्यात बुडबुडे सोडणारा हवेचा दगड नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांची ही पद्धत, मला अजूनही याहून साधं काही सापडलेलं नाही. नेट पॉटचा तळ पाण्यात जेमतेम सेंटीमीटरभर बुडेल एवढंच भरा, ईसी १.२, पीएच ६ च्या आसपास. बादलीला बाहेरून काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा, आत उजेड गेला की शेवाळ आलंच. भोकांच्या कडेला फट ठेवू नका, डेंग्यूचे डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. आणि पाणी खाली गेलं म्हणून काठोकाठ भरू नका, वरच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या लुसलुशीत मुळ्या फुटलेल्या असतात, त्या हवा घेतात, त्या बुडवल्या तर रोप गुदमरतं.

आठवड्यातून एकदा झाकण उचलून मुळं बघा. खताने जरा तपकिरी झालेली पण घट्ट असतील तर काळजी नको. चिकट लागली, गटारासारखा वास आला आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा राहिला तर ती सड, ते रोप काढून टाका आणि बादली ब्लीचने धुवा. हे बहुतेक वेळा उन्हामुळे होतं, वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीसच्या पाण्यात साडेसात. म्हणून बादली सावलीत आणि पानं उन्हात असं ठेवा, आणि पुण्याकडे असाल तर लेट्यूस दसऱ्यानंतर लावा. एप्रिलमध्ये ते दांडा काढून कडू होतं, तेव्हा पुदिना, बेसिल, माठ घ्या.

दोन बादल्या नीट निघाल्या की मगच पाइप जोडा. पंप उघडून आतला पंखा साफ करा, क्षारांनी जाम झालेला असतो, पाइप ब्लीचच्या पाण्याने धुऊन दोनदा साध्या पाण्याने. आणि पंपाचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली तर पाइपातली मुळं सुकायला तासभर सुद्धा लागत नाही.