फ्रूट स्कोन घरी करताना हात आवरा

स्कोन (चहासोबत खायचे छोटे, फुगीर इंग्लिश पाव) कडक झाले तर बहुतेक वेळा पीठ जास्त मळलेलं असतं. पीठ समोर आलं की हात आपोआप मळायला लागतात आणि इथे नेमकं तेच नको, मैद्यातलं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) जागं झालं की स्कोन चिवट झालेच म्हणून समजा.

तर ७-८ स्कोनसाठी २२५ ग्रॅम मैदा, ३ सपाट टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ५० ग्रॅम बटर, २५ ग्रॅम बारीक साखर, ६०-७० ग्रॅम बेदाणे आणि साधारण १५० मिली दूध. इंग्लंडमध्ये सेल्फ रेझिंग मैदा वापरतात, त्यात बेकिंग पावडर आधीच असते, तो मिळाला तर ३ टीस्पूनची गरज नाही. बेदाणे कोरडे खडखडीत असतील तर आधी १५ मिनिटं गरम चहात भिजवा, चव मस्त येते, पण नंतर नीट पुसून घ्या नाहीतर पीठ चिकट होतं.

सगळ्यात आधी ओव्हन २२० डिग्रीला लावा. हे आधीच करायचं कारण बेकिंग पावडर ओली झाली की लगेच कामाला लागते, ती ओव्हन तापायची वाट बघत बसत नाही.

मैदा, बेकिंग पावडर, मीठ चाळून घ्या, त्यात फ्रिजमधून काढलेलं थंडगार बटर छोटे तुकडे करून टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळा, तळहात नको, त्याच्या गरमीने बटर वितळतं. मिश्रण ब्रेडक्रम्ससारखं दिसायला लागलं की थांबा. आता साखर, बेदाणे टाका, मधे खड्डा करून दूध ओता (२ चमचे मागे ठेवा, लागलं तर घाला) आणि चमच्याऐवजी जेवायच्या सुरीने भराभर कालवा. पीठ थोडं चिकट, ओबडधोबड दिसेल, दिसू दे, कोरड्या पिठाचे स्कोन फुगत नाहीत.

ओट्यावर मैदा भुरभुरवून गोळा त्यावर घ्या, दोन-तीनदा हलकेच घडी घाला, हातानेच थापून अडीच सेंटीमीटर जाड करा. लाटणं लागतच नाही खरं तर. पातळ थापलंत तर बिस्किटं होतील. ५ सेंटीमीटरचा कटर मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला, अजिबात फिरवायचा नाही, फिरवला की कडा दबतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दूध किंवा फेटलेलं अंडं लावा पण फक्त माथ्यावर, बाजूने ओघळलं तर ती बाजू चिकटून राहते, वर येत नाही.

ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटांत सोनेरी होतात. जाळीवर काढा आणि कोमट असतानाच हाताने उघडा.

क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम) आणि जॅम लावणार असाल तर इंग्लंडमधल्या डेव्हन भागातले लोक आधी क्रीम मग जॅम लावतात, शेजारचे कॉर्नवॉलवाले बरोबर उलटं, आणि दोघंही हटायला तयार नाहीत. मला विचाराल तर बेदाणे घातलेल्या स्कोनला नुसतं खारं बटर पुरे, जॅमने बेदाण्यांची चवच लागत नाही. उरले तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी तसेच ठेवलेले सुकतात.