ग्लिसरीनमध्ये घरगुती अर्क काढताय? या चुका टाळा, आणि व्हेपचा (ई-सिगारेटचा) विचार असेल तर आधी हे वाचा

पुदिना, गवती चहा, वेलची, आलं, वाळा, लिंबाची साल, यांचा स्वाद बाटलीत भरून ठेवायचा तर दारू लागतेच असं बऱ्याच जणांना वाटतं. लागत नाही. ग्लिसरीनमध्येही चांगला अर्क निघतो, आणि घरात दारूची बाटली आलेली चालणारच नाही अशी वडीलधारी मंडळी असली की तोच मार्ग उरतो. आमच्या बेळगाव-खानापूर भागात गवती चहा परसात असतो, पुदिना बाजारात ढिगाने मिळतो, त्यामुळे व्हिडिओ बघून करणारे पुष्कळ झालेत आणि मग फेस आलेल्या बाटलीचा फोटो येतो, "हे असं का झालं हो?" बहुतेक वेळा उत्तर एकच, कुठून तरी पाणी शिरलं.

ओला पाला सरळ बाटलीत

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ताज्या पुदिन्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम पाला टाकला की ८५ ग्रॅमच्या आसपास पाणीच टाकलं म्हणा की. ग्लिसरीन अर्क टिकवतं ते स्वतः दाट असतं म्हणून, पाणी धरून ठेवतं आणि जंतूंना वापरू देत नाही. पण त्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरलं की टिकवायची ताकद गेली, मग आठवड्यात आंबूस वास, फेस, वर पांढरी बुरशी. पाला सावलीत वाळवायचा, हातात चुरला की कुरकुर मोडला पाहिजे, नुसता मलूल झाला म्हणजे वाळला नाही.

पावसाळ्यात हे काम अवघड आहे हे मान्य. जांबोटी-कणकुंबीकडं तर जुलैत कपडेसुद्धा वाळत नाहीत तिथं पाला काय वाळणार, त्यामुळं पावसाळ्यात अर्काच्या नादाला लागूच नका, मार्च-एप्रिलमध्ये वाळवून हवाबंद डब्यात ठेवा आणि पाहिजे तेव्हा काढा. अगदीच हौस असेल तर पंख्याखाली सुती कापडावर पातळ पसरा.

वाळलेल्या पाल्याला मात्र थोडं पाणी लागतं, नाहीतर तो फुगत नाही आणि स्वाद सोडत नाही. ३ भाग ग्लिसरीन, १ भाग उकळून गार केलेलं पाणी, आणि १०० मिलीला २० ग्रॅमच्या आसपास वाळका पाला. पाला पूर्ण बुडाला पाहिजे, नाही बुडला तर वरून ग्लिसरीनच वाढवायचं, पाणी नाही. ताजाच पाला घालायचा असेल तर वेगळं पाणी अजिबात नको.

आणि बाटली! आतून धुतलेली, दोन थेंब राहिलेली बाटली घेऊन लोक सुरू करतात. उन्हात पूर्ण वाळवा, झाकणाच्या आट्यांमध्येसुद्धा पाणी अडकतं.

बुरशी आलीच तर चमच्याने वरची काढून खालचं वापरू नका, परत उकळूनही नको. सगळं ओतून द्या. वाईट वाटतं पण तेच करा.

मिळेल ते ग्लिसरीन

मेडिकलमध्ये हातापायाला लावायची छोटी बाटली मिळते, तिच्यावर बाहेरून लावण्यासाठी असं छापलेलं असतं. ती पोटात घ्यायची नाही. फूड ग्रेड लिहिलेलं, बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर आणि तारीख असलेलं सीलबंदच घ्या. डब्यातून सुटं काढून देणाऱ्याकडून स्वस्तात तर मुळीच नको.

एवढं ताणून सांगायचं कारण आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, पुढं न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, ते दिसायला तसंच, चवीलाही गोडच, आणि किडनी निकामी करतं. मोठ्या इस्पितळाला जे डोळ्यांनी कळलं नाही ते आपल्याला स्वयंपाकघरात वास घेऊन कळणार नाही.

सगळ्याला एकच रेसिपी

लिंबाच्या सालीचा स्वाद हा तेलातला असतो आणि ते तेल ग्लिसरीनमध्ये नीट विरघळत नाही, वर तरंगतं. लोक म्हणतात "अर्क फाटला", फाटला नाही, मिसळलाच नव्हता. सालीसाठी साखर वापरा: किसलेली साल साखरेत हाताने चोळायची, झाकून रात्रभर ठेवायची, सकाळी साखर ओलसर सुगंधी होते, ती सरबतात घाला. आता किसताना लक्ष द्या, कागदी लिंबाची साल पातळ असते, किसणी जरा जास्त दाबली की खालचं पांढरं आलंच आणि सगळं कडू. हे कडूपण नंतर साखर घालून जात नाही. शिवाय सालीच्या तेलाला पातळ प्लास्टिकचे डबे नकोत, थर्माकोलसारखं काही असेल तर ते तेल त्याला खातंच, काच घ्या.

पुदिन्याची तक्रार वेगळी, "वास आला पण गारवा नाही". तो येणारच नाही. आपल्याकडं चटणीला जो पुदिना मिळतो तो बहुतेक स्पिअरमिंटच्या जातीचा, त्याच्या वासाचं मुख्य द्रव्य कार्व्होन, जिभेला थंड लागतं ते मेन्थॉल, आणि ते ह्यात नावाला असतं. आजी पानावर पुदिन्याचं फूल घालायची ते म्हणजे मेन्थॉलचे खडे, ते दुसऱ्या जातीच्या पुदिन्यातून काढतात. चटणीच्या पुदिन्याचा अर्क कितीही दाट केलात तरी थंडाई सुटणार नाही, पाला वाढवून फक्त गवताचा वास वाढेल.

गुलाब घ्यायचा तर देशी, परसातला. हारवाल्याकडचा किंवा बुकेचा नको, त्याच्यावर काय फवारलंय कुणाला माहीत. वेलची नुसती ठेचा, पूड केली तर गाळता गाळता जीव जातो. वाळा माती जाईपर्यंत धुवा, आणि मग परत वाळवा (पाणी!), त्याला महिनाभर तरी द्या. आल्याचं काप करून वाळवलेलं बरं, ओलं आलं फसवतं.

घाई करून गॅसवर

थेट आचेवर पातेलं ठेवलं की संपलं. उडून जाणारा सुगंध उडून जातो आणि पाल्याचा शिजलेला वास मागं राहतो. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, खाली कापड, पाणी ५०-६० अंश, म्हणजे बोट क्षणभर टेकवता येईल पण ठेवता येणार नाही इतपत. दोन-तीन तास, मग गार जागी अंधारात दोन-चार आठवडे, रोज एकदा हलवायचं. गाळताना मलमलीत बांधून टांगा, पिळू नका. पिळलं की गाळ आणि तुरटपणा दोन्ही उतरतात आणि मग "गढूळ का झालं" हा फोटो येतो.

आणि आता व्हेप

कॉलेजची पोरं हल्ली विचारतात, त्यातही ग्लिसरीनच असतं ना, मग घरचा गवती चहाचा अर्क घातला तर काय, नॅचरल तर आहे. अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक आहे. व्हेपच्या द्रवात ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं हे बरोबर. पण पोटात जाणं आणि फुफ्फुसात जाणं ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत. पोटाला आम्ल आहे, लिव्हर आहे, फुफ्फुसाला तसलं काही नाही, तिथं गेलेलं तेल तिथंच बसतं आणि त्याने न्यूमोनियासारखी सूज येते. पाल्याच्या अर्कात तेल, मेण, साखर, हरितद्रव्य सगळंच थोडं थोडं उतरलेलं असतं, मलमलच काय, कॉफीच्या फिल्टरनेही ते निघत नाही. ते व्हेपच्या आतल्या, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या तारेवर पडलं की साखर जळते, आणि ग्लिसरीन स्वतःच फार तापलं तर अ‍ॅक्रोलिन तयार होतं. तेल करपल्यावर डोळे चुरचुरतात, ते ह्याच्यामुळंच.

खायला चालतं ते ओढायला चालत नाही ह्याचे पुरावे आहेत. अमेरिकेत मिसुरीच्या एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातले ८ माजी कामगार २००० मध्ये फुफ्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या आखडणाऱ्या आजाराने ग्रस्त निघाले. कारण काय, तर लोण्याच्या वासासाठी वापरतात ते डायअसिटील, जे खाल्लं तर कुणाला काही होत नाही, पण त्याची वाफ हुंगून हे झालं. दुसरं, २०१९ ची फुफ्फुसाच्या आजाराची साथ: फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं व्हेपमुळं २,८०७ जण इस्पितळात गेले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. बऱ्याच जणांनी गांजाच्या अर्काने भरलेली व्हेपची काडतुसं ओढली होती आणि मुख्य संशय ज्याच्यावर आला ते व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, म्हणजे जे आपण गोळीत खातो आणि क्रीममध्ये लावतो. दालचिनीचंही तेच, चहात छान, पण तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड श्वासनळीतल्या बारीक केसांची हालचाल मंदावतं असं प्रयोगांत दिसलंय.

निपाणीकडच्या एका ओळखीच्याने तर घरची तंबाखूची पानं ग्लिसरीनमध्ये भिजवायची का असं विचारलं होतं. नाही, कधीच नाही. किती निकोटीन उतरलं हे घरी मोजायचं साधन नाही, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. दव पडलेली तंबाखूची पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, गरगरणं होतं ते ह्यानेच, आणि त्यांनी तर ते ओढलेलंही नसतं.

कायद्याचं पण बघा. कर्नाटकात ई-सिगारेटवर २०१६ पासूनच बंदी आहे आणि २०१९ पासून केंद्राचा कायदा: बनवणं, विकणं, आणणं, साठवणं, जाहिरात, सगळं बंद. साठवण सोडून बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठवणीला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आमच्यात निकोटीन नाही" हे चालत नाही, कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेलं आणि नसलेलं दोन्ही येतं. कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेलात किंवा चोर्ला उतरून गोव्यात गेलात तरी तोच कायदा, सीमावाद इथं कामाला येत नाही. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची फुकट क्विटलाइन आहे.

उरलेल्या बारीक तक्रारी

अर्क फिका झाला तर त्याच द्रवात नवा वाळका पाला घालून परत दोन आठवडे ठेवा, आटवायला जाऊ नका. रंग तपकिरी झाला तर उजेड लागलाय, गवती चहाचा लिंबासारखा वास उजेडाने आणि हवेने लवकर उतरतो, गडद काचेची लहान बाटली घ्या आणि गळ्यापर्यंत भरा. फ्रिजमधून काढून तासभर ओट्यावर, परत आत, असं केलं की झाकणाखाली दव साचतं, आणि परत तेच, पाणी. बाटलीवर तारीख आणि झाडाचं नाव लिहा, सहा महिन्यांत संपेल एवढाच करा.

लहान मुलांच्या सरबतात हात आखडता ठेवा. ब्रिटनच्या अन्न नियामकाने २०२५ मध्ये ७ वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरीनवाली बर्फाची पेयं देऊ नका असं सांगितलं, कारण भरपूर गेलं तर मुलांची साखर एकदम घसरते. मोठ्यांच्या ग्लासाला पाव चमचा पुरतो, जास्त झालं तर पोट साफ होतं ते वेगळंच. आणि वेलचीचा अर्क कुंद्यात, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईत, घालणार असाल तर गॅस बंद करून, वाफ जरा बसल्यावर घाला. आधी घातलात तर सुगंध घरभर आणि कुंद्यात काही नाही.