उंदराला डोस देताना कॉर्टिकोस्टेरॉन का उसळतं?

गॅव्हाजने, म्हणजे तोंडातून थेट जठरात बोथट टोकाची नळीसारखी सुई घालून डोस दिला, की उंदराचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसत्या धरपकडीनेही वाढतं. साधारण १५ ते ३० मिनिटांत ते शिखर गाठतं आणि एक-दोन तासांत उतरतं. त्याच वेळात रक्त काढलं तर औषधाचा परिणाम कुठला नि हाताळणीचा कुठला, कळायला मार्ग नाही.

म्हणून आठवडाभर आधी रोज उंदीर हातात घ्या. सुई तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरूनच मोजा, टोक साखरेच्या पाण्यात बुडवा. डोस उंदराच्या वजनाच्या किलोमागे १० मिलीच्या वर नेऊ नका. ५ मिली बरं. अडलं तर रेटू नका, अन्ननलिका फाटते.

तुलनेला औषधाविना नुसतं द्रावण पाजलेला गट हवा आणि अजिबात न पाजलेलाही. हा दुसरा गट गाळायला बघतात, तिथेच फसतात.

औषध कडू नसेल तर जेलीतून द्या. त्याआधी तीन-चार दिवस कोरी जेली खायला घाला, कारण नव्या खाण्याला उंदीर बिचकतो. जेलीतली साखर इन्सुलिन वाढवते, तेव्हा तुलनेच्या गटालाही तीच.

रक्त पिंजऱ्याला हात लावल्यापासून ३ मिनिटांत घ्या, तेही सकाळी. दिवे मालवायच्या सुमारास कॉर्टिकोस्टेरॉन आपसूकच चढलेलं असतं.