मगरी मोजायच्यात? आधी वही घ्या
संवर्धन संस्थेत इंटर्नशिपचा अर्ज करताना 'निसर्गाची आवड आहे' एवढंच लिहू नका गं, सगळ्याच लिहितात. मी बडोद्यात दांडिया बाजारातून कॉलेजला जाताना काळा घोडा पुलावर थांबायचे. विश्वामित्री नदीतल्या मगरी तीन महिने वहीत टिपल्या: तारीख, वेळ, ऊन, काठावर किती. एक 'मगर' ओंडका निघाली. ती नोंद खोडली, पण फाडली नाही. त्या वहीवरच बोलावणं आलं.

होकाराआधी विचारा: भत्ता किती, पहाटे वढवाणा तळ्यावर कोण नेणार, बाथरूमचं काय? लाजू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती हवीच. इंटर्ननाही तो कायदा लागू होतो. समितीचे सदस्य कोण, तेही विचारा.

आईला मगरींचं सगळ्यात शेवटी सांगा.